उरकुरा ते रायपूर, एक हिरवी रेष

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोल चार्ट आहे. हे नाव तुम्ही कधी ऐकलं नसेल, आणि त्याचा मला राग नाही. माझ्या भावंडांनी ज्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं वेळेवर पोचवल्या, त्या प्रवाशांनीही ते ऐकलं नव्हतं. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात, म्हणजे जिथे बसून सगळ्या गाड्यांवर नजर ठेवतात तिथे, माझ्यासारखा एक मोठा कागद टेबलावर पसरलेला असे. त्यावरच्या आडव्या रेषा म्हणजे स्टेशनं आणि उभ्या रेषा म्हणजे तास. स्टेशनवरून फोन आला की कंट्रोलर त्या जागी ठिपका देई, मग ठिपक्याला ठिपका जोडी. गाडी पळाली की रेष झरझर चढे आणि गाडी थांबली की आडवी पडे. आता हे काम संगणक करतो. करू दे बापडा.

पण खरं सांगायचं तर मी स्वतः एकही गाडी पाहिलेली नाही. नवे फॉर्म छापून आले आणि आमचा गठ्ठा रद्द झाला. एकही ठिपका अंगावर न पडता रद्दीत जायचं, याहून मोठं दुःख कागदाला नसतं. त्या दिवशी गठ्ठ्यासमोर एक सडपातळ कंट्रोलर येऊन उभे राहिले आणि त्यांनी साहेबांना विचारलं, "हे फेकणारच असाल तर मी नेऊ का जी?" साहेब हसून हो म्हणाले. अशा रीतीने मी यज्ञेश्वर लांजेवार यांच्या घरी आलो.

यज्ञेश्वर मूळचे भंडाऱ्याकडचे. नोकरी बिलासपूरच्या कंट्रोल ऑफिसात, घर रायपूरच्या गुढियारीत. रोज पॅसेंजरने अप-डाऊन करायचे. कामात त्यांचा एकच नियम होता आणि तो ते सगळ्यांना ऐकवत, 'खबर नाही तर रेष नाही.' एखादी गाडी कुठे आहे ते कळत नसलं, की शेजारच्या टेबलावरचे लोक म्हणत, "अंदाजानं ओढून टाका ना लांजेवार, कोण पाहून राहिलं!" ते ओढत नसत. आयुष्यात आपण एकही खोटी रेष ओढली नाही, हा त्यांचा अभिमान होता. दुसरा कुठलाही अभिमान त्यांनी बाळगलेला मला आठवत नाही. मित्रांनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी तिच्यावर उभी आहे.

आता तुम्ही विचाराल, घरी माझं काय काम? घरात कुठे गाड्या धावतात? तर ऐका.

यज्ञेश्वरांना रेडिओचा नाद होता. दर रविवारी सकाळी एका परदेशी केंद्रावर अमेरिकेतल्या त्या आठवड्याच्या चाळीस लोकप्रिय गाण्यांची यादी लागे. चाळीसपासून सुरू करून एकपर्यंत, मधे मधे गाणी. एका रविवारी त्यांना एका रॉक बँडचं नाव ऐकू आलं, 'सायडिंग नाइन'. नऊ नंबरची सायडिंग! मालगाडी उभी करायला दिवसभर सायडिंगच शोधणारा माणूस तो. ते इतके हसले की लताबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पोळी तव्यावर टाकून बाहेर आल्या. हसता हसता त्यांनी गाणं ऐकलं आणि मग हसणं थांबलं. सुरुवातीचं गिटार जड मालगाडीने पहिला झटका घेऊन हलावं तसं हलत होतं. त्या दिवसापासून तो बँड त्यांचा झाला.

चाळीस गाण्यांची यादी, आणि झारसुगुड्यापासून रायपूरपर्यंत मोजून चाळीस स्टेशनं! त्यांनी आमच्यातले दोन विभागांचे कागद काढले, लताबाईंकडून पिठाची खळ करून घेतली आणि वरखाली जोडून चिकटवले. तासांच्या जागी आठवडे आले आणि स्टेशनांच्या जागी यादीतले नंबर. चाळिसावा नंबर झारसुगुडा, पहिला नंबर रायपूर. रायपूर म्हणजे घर, तेव्हा घरापेक्षा वरचा नंबर कुठला असणार? चोवीस आठवडे संपले की पुढचा जोड चिकटवायचा. असा मी अकरा वर्षं वाढत गेलो. आज मला पूर्ण उलगडलं तर गुढियारीच्या त्या घराच्या ओसरीपासून फाटकाबाहेर जाईन.

मला इंग्रजी येत नाही आणि गाण्यातलंही काही कळत नाही. पण चढण कळते. म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो, सायडिंग नाइनसारखी मेहनती माणसं मी पाहिली नाहीत. कुठल्याशा धान्याच्या बाजाराच्या गावातले चौघे. पहिला अल्बम आधीच येऊन गेला होता, त्यातलं एकही गाणं झारसुगुड्याला पोचलं नव्हतं. दुसऱ्यातलं एक सदतिसाव्या नंबरवर आलं आणि पुढच्या आठवड्यात उतरलं. दुसरा कोणी असता तर गिटार विकून घरी बसला असता. त्यांनी तिसरा अल्बम केला. त्यातलं एक गाणं आमच्या लाइनवरच्या रायगढपर्यंत आलं, दुसरं चांपा ओलांडून गेलं. चौथ्या अल्बममधल्या एका गाण्याने तर भाटापारा गाठलं, म्हणजे आठवा नंबर. त्यांची गाणी एक्स्प्रेससारखी सुसाट कधीच आली नाहीत. ती पॅसेंजर होती, प्रत्येक स्टेशन घेत यायची आणि येईपर्यंत धीर सोडायची नाहीत. यज्ञेश्वर ठिपका देताना म्हणायचे, "पाहून राहिली का लता, पोट्टे हिंमत नाही हारत!"

त्यांची रेष ओढायची पद्धतही सांगून ठेवतो. रविवारी नंबर ऐकला की त्या जागी पेन्सिलीचा ठिपका. शाई मात्र पुढच्या रविवारी, यादी पुन्हा ऐकल्यावर. घाईने त्यांनी कधी दौत उघडली नाही. शाई लाल.

मग चौऱ्याऐंशी साल आलं आणि पाचव्या अल्बममधलं 'टिन लंचबॉक्स' हे गाणं आलं. पत्र्याचा डबा घेऊन कारखान्यात जाणाऱ्या एका माणसाचं गाणं होतं ते. यज्ञेश्वरांनी अर्थ सांगितला तेव्हा लताबाईंना फार आवडलं. रोज पहाटे उठून नवऱ्याचा डबा भरणाऱ्या बाईला ते नाही आवडणार तर काय? त्या त्याला 'डब्याचं गाणं' म्हणायच्या. इंग्रजी येत नसली तरी चाल ऐकली की ओळखायच्या, आणि चाळीसपर्यंतचे इंग्रजी आकडे नवऱ्याने त्यांच्याकडून पाठ करून घेतले होते.

डब्याचं गाणं अडतिसाव्या नंबरवर आलं आणि चढत गेलं. रायगढ, चांपा, बिलासपूर. भाटापारा सोडलं तेव्हा मी कागद असूनही माझा ऊर भरून आला. मग तिल्दा, मग मांढर, आणि एका रविवारी उरकुरा, म्हणजे दुसरा नंबर! पुढचं स्टेशन रायपूर.

ज्यांनी रेल्वेने अप-डाऊन केलं आहे त्यांना उरकुऱ्याचं दुःख माहीत असतं. गाडी तिथे येऊन उभी राहते. घर हाकेच्या अंतरावर असतं, पोटात कावळे ओरडत असतात आणि सिग्नल काही मिळत नाही. डब्याचं गाणंही तसंच उभं राहिलं. पहिला रविवार उरकुरा. दुसरा रविवार उरकुरा. यज्ञेश्वरांना चैन पडेना. जेवताना मधेच म्हणायचे, "सिग्नल भेटलाच पाहिजे यावेळी."

तिसऱ्या रविवारी मात्र त्यांच्यानंतर पाळीवर येणारा माणूस तापाने आजारी पडला आणि त्यांना बिलासपूरला सलग दुसरी पाळी करावी लागली. असं कधी झालं तर काय करायचं, ते आधीच ठरलेलं होतं. लताबाईंनी यादी ऐकायची आणि नंबर लिहून ठेवायचा.

एप्रिलचा महिना. लताबाई रेडिओ लावून बसल्या. मांडीवर दोन वर्षांचा गंधार, हातात पेन्सिल, समोर मी. यादी एक एक पायरी चढत आली. डब्याचं गाणं लागलं नाही, म्हणजे ते अजून वरच आहे, हे त्यांना कळत होतं. पाचवा नंबर झाला, म्हणजे यादी बैकुंठ स्टेशनला आली, आणि रेडिओचा आवाज बारीक होत होत बंद पडला. सेल संपले होते. सेलनी प्राण सोडायला बैकुंठच निवडावं, याला काय म्हणायचं!

लताबाईंनी धावत जाऊन चारही सेल काढले आणि अंगणाच्या भिंतीवर उन्हात मांडले. ऊन दिलं की सेल थोडा वेळ चालतात, हे तेव्हा प्रत्येक घराला ठाऊक होतं. एकीकडे गंधार रडतोय, दुसरीकडे त्या सेल उलटेपालटे करताहेत. पुन्हा घालून रेडिओ लावला तेव्हा तिथे कोणीतरी बातम्या वाचत होतं.

सेल पुन्हा भिंतीवर मांडून त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. पेन्सिल उरकुऱ्यावर नेली, मागे घेतली. मांढरवर नेली, मागे घेतली. सोळा तास काम करून घरी येणारा माणूस दारातच काय विचारणार, हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी डोळे मिटले आणि रायपूरवर ठिपका दिला.

मित्रांनो, मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. खबर नाही तर रेष नाही! पण कागदाला तोंड नसतं.

संध्याकाळी यज्ञेश्वर आले. चपलाही न काढता माझ्याकडे आले, ठिपका पाहिला आणि लहान पोरासारखे नाचले. तसेच परत गेले आणि एक किलो पेढे घेऊन आले. शेजारच्या अंजनाबाईंनी पेढा हातात घेऊन विचारलं, "काय जी, अजून एक पोट्टा झाला का?"

"नाही जी, आमचं गाणं रायपूरले आलं!"

अंजनाबाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी दुसरा पेढाही घेतला. लताबाई ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांच्या वाटणीचा पेढा दोन दिवस वाटीत तसाच होता.

पुढच्या रविवारी यज्ञेश्वरांनी यादी ऐकली. गाणं चौथ्या नंबरवर, सिलयारीला उतरलं होतं. यादी संपल्यावरही ते बराच वेळ रेडिओशी बसून राहिले. मग चहा मागितला, तो पूर्ण प्यायले आणि उठून फळीवरची हिरवी दौत काढली. उरकुऱ्याहून रायपूरला चढणारी रेष त्यांनी हिरव्या शाईने ओढली, आणि पुढच्या रविवारी रायपूरहून सिलयारीला उतरणारीही. लाल दौत अर्धी भरलेली होती, ते मला दिसत होतं. मला वाटलं, मोठ्या आनंदाला वेगळा रंग. कंट्रोलर हुशार खरे, पण बायकोच्या बाबतीत भोळे, असंच मी समजत राहिलो.

सायडिंग नाइनने त्यानंतर आणखी एक अल्बम केला. तीन गाणी यादीत आली, कुठलंच तिल्द्याच्या पुढे गेलं नाही. अठ्ठ्याऐंशी साली बँड फुटला. यज्ञेश्वरांनी शेवटच्या ठिपक्यापुढे एक छोटी उभी रेघ मारली, मला मेणकापडात गुंडाळलं आणि पत्र्याच्या नळीत घालून माळ्यावर ठेवलं.

माळ्यावर मी छत्तीस वर्षांहून जास्त काळ होतो. एकदा दिवाळीत कोणीतरी मला नळीतून काढलं आणि माझा बाहेरचा पदर चकल्यांखाली गेला, त्याचा तेलकट डाग अजून आहे. एक कोपरा कसरीने खाल्ला. पण मला त्याचं इतकं वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते लताबाईंचं. वर्षातून एकदा माळा झाडायला त्या चढत, माझी नळी हातात घेत, पुसत आणि जरा वेळ तशाच थांबत. मग पार मागे सरकवून ठेवत. ज्याने एकही खोटी रेष ओढली नाही, त्याच्या हातून आपण एक ओढवून घेतली, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. सांगायचं तर त्याचा तो एकमेव अभिमान मोडायचा, आणि न सांगावं तर आपलं मन खायचं.

गेल्या वर्षी घर बदललं. गंधार आता नवा रायपूरच्या एका ऑफिसात आहे, त्याने तेलीबांध्याला फ्लॅट घेतला. सामान बांधताना त्याची मुलगी कौमुदी माळ्यावर चढली. कॉलेजात शिकणारी ही पोरगी मराठी सगळी समजते आणि उत्तर हिंदीत देते.

"आजी, ये पाइप में क्या है? फेंक दूँ?"

"फेकू नको वं!" लताबाई इतक्या जोरात म्हणाल्या की खालचे हमालही थांबले.

नव्या घरी कौमुदीने मला जमिनीवर उलगडलं. आजोबांनी तिला स्टेशनं वाचायला शिकवली. मग तिने लॅपटॉप उघडला. सायडिंग नाइनचे सगळे अल्बम, सगळी गाणी, कुठलं कोणत्या आठवड्यात कितव्या नंबरवर, सगळं तिथे नोंदलेलं होतं. चार दिवस ती पोरगी गुडघ्यांवर रांगत माझा एक एक ठिपका ताडून पाहत होती. चौदा गाणी आणि एकशे सत्तावन्न आठवडे. खरखरणाऱ्या रेडिओवर कान लावून एका माणसाने गुढियारीत बसून हे टिपलं होतं, आणि ते जुळत होतं. ती मधे मधे नुसतीच "बाप रे" म्हणायची. मला इतका मान कोणी दिला नव्हता.

त्याच आठवड्यात रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ मंडळींच्या छंदांचं प्रदर्शन होतं. मला तिथे लावायचं ठरलं. शनिवारी दुपारी कौमुदी आजीजवळ आली. तिच्या हातात पांढऱ्या शाईची बाटली होती.

"आजी, एक सौ छप्पन सही हैं. बस एक गलत है, ये हरा वाला. ये गाना एक नंबर पे कभी गया ही नहीं. तीनों हफ्ते दो पे था. इनका कोई गाना कभी एक पे नहीं गया. मैं चुपचाप ठीक कर देती हूँ, आजोबा को बुरा लगेगा."

बाटलीचं झाकण उघडलेलं होतं. लताबाईंनी तिचं मनगट धरलं.

"थांब. चूक त्यांची नाही. माही आहे."

यज्ञेश्वर बाल्कनीत बसले होते. लताबाई त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि एका दमात बोलल्या. बंद पडलेला रेडिओ, भिंतीवरचे सेल, रडणारा गंधार, मिटलेले डोळे. बोलता बोलता पदर डोळ्यांना लावला. "चाळीस वर्षं खोटं बोलून राहिले जी मी तुमच्याशी. तुमच्या हातानं खोटी रेष ओढवली."

मी खाली जमिनीवर पसरलेलो होतो. आता या माणसाचा चेहरा पडणार, या भीतीने मी बघत होतो.

यज्ञेश्वर म्हणाले, "मले मालूम आहे."

"कधीपासून?"

"पुढच्याच रविवारपासून. तो यादी सांगनारा मागच्या आठवड्याचाही नंबर सांगते ना! म्हनून तर मी शाईले आठ दिवस थांबायचो." ते जरा हसले. "भिंतीवर सेल मांडलेले मी त्याच संध्याकाळी पाह्यले होते. पाहूनही नाही समजलो. कंट्रोलवाला म्हनवतो मी!"

"मग बोलले काहून नाही?"

"पेढे वाटून झाले होते." मग ते गंभीर झाले. "आनि बोलून काय करनार होतो? तुह्या हातचा ठिपका खोडनार होतो? माह्यासाठी तू तापल्या भिंतीपाशी सेल भाजत बसली. ते खोडून मी उरकुऱ्याले रेष नेली असती, तर ते खोटं झालं असतं. लाल शाई पक्क्या खबरेची. हे घरून आलेली खबर. म्हनून हिरवी. चार्टभर पाहून घे, अशी एकच आहे."

लताबाई रडत होत्या की हसत होत्या, ते मला खालून नीट दिसलं नाही. कौमुदीने मात्र बाटलीचं झाकण घट्ट लावलं. आणि मित्रांनो, मी मनातल्या मनात माझ्या मालकांची क्षमा मागितली. चाळीस वर्षं त्यांची रेष अंगावर वागवून मी त्यांनाच भोळा समजत होतो.

आजोबांच्या सांगण्यावरून कौमुदीने हिरव्या टोकाखाली पेन्सिलीने बारीक लिहिलं, 'यादीतला नंबर दोन.' रेष तशीच राहिली.

मित्रांनो, सायडिंग नाइनचं एकही गाणं पहिल्या नंबरवर गेलं नाही, म्हणून ती माणसं मला कमी वाटत नाहीत. चौदा वेळा ती झारसुगुड्याहून पायरी पायरीने चढली, हे मी स्वतःच्या अंगावर पाहिलं आहे. तुमच्या घरच्या माळ्यावरही माझ्यासारखं कोणी गुंडाळून पडलेलं असेल. त्याला चकल्यांखाली घालू नका. वर्षातून एकदा ऊन दाखवा. आणि त्यात एखादी चूक सापडली, तर पांढरी शाई घेऊन धावण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांजवळ बसा आणि ती कशी झाली ते विचारा.

सध्या मी त्या हॉलमध्येच काचेमागे आहे. सगळा मावलो नाही, चौऱ्याऐंशी सालचा तुकडा तेवढा दिसतो. प्रदर्शनाच्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या रीनाने, ती चौथीत आहे, काचेला नाक लावून विचारलं, "ये एक ट्रेन ग्रीन क्यों है?"

यज्ञेश्वर उत्तर देणार होते. पण लताबाई पुढे झाल्या, पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "माही गाडी आहे ते."